वैमानिकाचा गौरव कशाने मोजावा?

दरवर्षी प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला राष्ट्रीय सन्मानांची यादी जाहीर होते आणि दुसऱ्या दिवशी घरोघरी तिच्यावर चर्चा झडते. अमक्याला फार उशीर झाला, तमक्याला जरा घाईच झाली, आणखी एकाचे नाव कसे राहिले, असे सूर निघतात. यात नवल नाही. सन्मान म्हटला की तुलना आली, आणि तुलना आली की रुसवेफुगवेही आले. परंतु या साऱ्या चर्चेत एक व्यवसाय असा आहे, की त्याचे नाव क्वचितच निघते. आणि निघते तेव्हा बहुधा एखाद्या अपघाताच्या धुरातून निघते. तो व्यवसाय म्हणजे प्रवासी विमान चालविणाऱ्या वैमानिकाचा. गायकाचा गौरव त्याच्या गाण्यासाठी होतो, वैद्याचा त्याने बऱ्या केलेल्या रोग्यांसाठी. वैमानिकाचा गौरव मात्र त्याच्यावर ओढवलेल्या संकटासाठी होतो. हे न्याय्य आहे काय, आणि नसेल तर न्याय कोठे चुकतो, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम आपल्या देशातील व्यवस्था काय आहे ते पाहू. अशोक चक्र १९५२ साली सुरू झाले. शत्रूशी समोरासमोर लढाई नसताना दाखविलेल्या असामान्य शौर्यासाठी ते आहे, आणि ते सैनिकाप्रमाणेच सामान्य नागरिकालाही मिळू शकते. आरंभी त्याचे तीन वर्ग होते; १९६७ साली त्यांना अशोक चक्र, कीर्ति चक्र आणि शौर्य चक्र अशी नावे मिळाली. दुसऱ्याचा जीव वाचविणाऱ्या नागरिकासाठी १९६१ पासून जीवन रक्षा पदकांची मालिका आहे. पद्म सन्मान १९५४ साली सुरू झाले. ते एखाद्या प्रसंगासाठी नाहीत, विशिष्ट क्षेत्रातील दीर्घ व थोर कामगिरीसाठी आहेत. वायुसेनेच्या वैमानिकासाठी वायु सेना पदक आहे. पण ते सेनेपुरतेच. म्हणजे नागरी वैमानिकाने कोणत्या दारावर थाप द्यावी, असा प्रश्न विचारला तर उत्तर असे येते, की त्याने शौर्य दाखविले तर एक दार आहे, जीव वाचविला तर दुसरे आहे, आणि आयुष्यभर उत्तम काम केले तर तिसरे आहे.

हे तिसरे दार मात्र दिसते तितके सताड उघडे नाही. पद्म सन्मानांच्या आजच्या नियमांप्रमाणे डॉक्टर आणि शास्त्रज्ञ वगळता सरकारी नोकर, तसेच सार्वजनिक उपक्रमांतील कर्मचारी, या सन्मानांस पात्र नाहीत. आता हे लक्षात घ्यावे, की १९५३ साली भारतातील विमान वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९९० नंतर खाजगी कंपन्यांना वाव मिळेपर्यंत या देशातील बहुतेक सर्व प्रवासी वैमानिक दोन सरकारी संस्थांचेच नोकर होते. एअर इंडिया तर जानेवारी २०२२ पर्यंत सरकारची होती. आजचा हा नियम कोणावर रोष ठेवून केलेला नाही. सरकारने आपल्याच नोकरांची पाठ थोपटू नये, हा त्यामागील विचार समंजस आहे. पण डॉक्टर आणि शास्त्रज्ञ यांना अपवाद करता येतो, तर तीनशे माणसांचा जीव रोज हाती घेणाऱ्याचा विचार का होऊ नये, हा प्रश्न उरतोच. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईला टपालाचे विमान स्वतः आणले. त्यांना १९५५ साली पद्मविभूषण आणि १९९२ साली भारतरत्न मिळाले. पण ते मुख्यतः उद्योग उभारणाऱ्याचे सन्मान होते. विमानाच्या सुकाणूवरील हातांचे नव्हेत.

आता शौर्याच्या दाराकडे वळू. तेथे नागरी विमानातील माणसांची नावे आहेत, आणि त्यांतील पहिली ठळक नावे मराठी माणसाला जवळची वाटावीत अशी आहेत. ११ एप्रिल १९५५ रोजी एअर इंडियाचे 'काश्मीर प्रिन्सेस' हे विमान हाँगकाँगहून जाकार्ताकडे निघाले होते. बांडुंग येथील परिषदेसाठी जाणारे चिनी प्रतिनिधी व काही पत्रकार त्यात होते. चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी त्याच विमानाने जाण्याचे ठरले होते. पण ते त्यात नव्हते. हाँगकाँगच्या विमानतळावर कोणी तरी विमानात बाँब लपविला होता. तो समुद्रावर उंचावर असताना फुटला आणि विमानाने पेट घेतला. कप्तान दामोदर काशिनाथ जटार यांनी धुराने भरलेल्या कक्षात बसून विमान पाण्याकडे आणले. संकटाचा संदेश आणि जागेचा ठावठिकाणा पाठविला गेला. विमानसेविका ग्लोरिया बेरी हिने जीवरक्षक जाकिटे वाटली. एकोणीस जणांपैकी सोळा गेले. वाचले ते तिघे : सहवैमानिक दीक्षित, मार्गदर्शक पाठक आणि अभियंता अनंत श्रीधर कर्णिक. जटार, बेरी, दीक्षित, पाठक आणि कर्णिक या पाच जणांना अशोक चक्र मालिकेतील शौर्याचा सन्मान देण्यात आला.

या सन्मानाविषयी कोणाच्याही मनात किंतु येणार नाही. का येणार नाही, हे मात्र नीट तपासले पाहिजे. येथे संकट वैमानिकाच्या चुकीतून उद्भवलेले नव्हते; ते घातपाताने आले होते. पुढे काय होणार हे दिसत असताना प्रत्येकाने आपले काम सोडले नाही. आणि सन्मान देताना केवळ कप्तानाकडे पाहिले गेले नाही. समोर बसणाऱ्या वैमानिकापासून मागे प्रवाशांत वावरणाऱ्या विमानसेविकेपर्यंत दृष्टी पोहोचली. न्यायाच्या या तीन खुणा लक्षात ठेवण्याजोग्या आहेत.

एकतीस वर्षांनी, ५ सप्टेंबर १९८६ रोजी, कराचीच्या विमानतळावर दुसरा प्रसंग घडला. मुंबईहून निघालेल्या पॅन अमेरिकन कंपनीच्या विमानात बंदूकधारी शिरले. विमानसेविकांनी इशारा देताच वैमानिक आपल्या कक्षाच्या छतावरील झडपेतून बाहेर पडले. नीरजा भनोत ही तरुणी मागे राहिली, सतरा तास प्रवाशांना धीर देत राहिली आणि अखेरीस त्यांना बाहेर काढताना गोळ्यांना बळी पडली. भारताने तिला मरणोत्तर अशोक चक्र दिले. तो मान मिळविणारी ती पहिली स्त्री.

वरवर पाहणारा म्हणेल, की वैमानिकांनी पळ काढला आणि एका मुलीने विमान सांभाळले. पण हा निवाडा घाईचा आहे. वैमानिक निघून गेले म्हणूनच विमान जमिनीवर राहिले. ते आत असते, तर कपाळावर बंदूक ठेवून विमान कोठेही नेता आले असते. त्यांना शिकविलेली रीत तीच होती. त्यांनी योग्य तेच केले. आणि तरीही त्यांना शौर्याचे पदक मिळाले नाही, हेही योग्यच झाले. योग्य कृत्य आणि शूर कृत्य ही नेहमी एकच नसतात. नीरजाच्या हातून दोन्ही एकाच वेळी घडली. शौर्याच्या पदकाने शौर्यच मोजावे. पण जे शौर्य नाही ते कमी मोलाचे, असा अर्थ मात्र त्यातून कोणी काढू नये.

अन्यायाचा खरा उगम बहुधा घाईत असतो. १५ ऑगस्ट २०१९ रोजी मॉस्कोजवळच्या झुकोव्स्की विमानतळावरून उडालेल्या एका रशियन विमानाच्या इंजिनांत पक्षी गेले. कप्तान दामिर युसुपोव्ह यांनी ते मक्याच्या शेतात उतरविले. विमानातील सर्व २३३ माणसे वाचली. कप्तान व सहवैमानिक यांना देशाचा सर्वोच्च किताब देण्याचा हुकूम दुसऱ्याच दिवशी निघाला. याउलट १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर अशाच प्रकारे विमान उतरवून १५५ जणांना वाचविणारे कप्तान सलेनबर्गर यांना चौकशीला तोंड द्यावे लागले. विमान माघारी नेऊन धावपट्टीवर उतरविता आले नसते काय, याची कृत्रिम विमानांवर पुनःपुन्हा परीक्षा झाली. विचार करण्यास माणसाला जे काही सेकंद लागतात ते हिशेबात धरल्यावर असे दिसले, की परतणे शक्य नव्हते. नदी हाच योग्य निर्णय होता. २०१० सालच्या अहवालाने ते मान्य केले. लोकांच्या मनात ते आधीच वीर ठरले होते. परंतु त्या अहवालानंतर त्यांच्या कीर्तीला जो भक्कम आधार मिळाला, तो टाळ्यांनी मिळणारा नव्हता. चौकशीत टिकलेला गौरव कायमचा असतो.

आपल्या देशातही घाईने काय होते याचा एक दुःखद धडा आहे. ७ ऑगस्ट २०२० रोजी महामारीच्या दिवसांत दुबईहून आपल्या माणसांना घेऊन येणारे विमान कोळिकोडच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवर भर पावसात उतरताना पुढे घसरून दरीत कोसळले. १९० जणांपैकी एकवीस जण मृत्यू पावले. दोन्ही वैमानिकही त्यांत होते. पहिल्या काही दिवसांत कप्तानांची वीर म्हणून देशभर स्तुती झाली. चौकशीचा अहवाल सप्टेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. विमान नीट स्थिरावले नसतानाही उतरणे चालू ठेवले गेले, सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्यास सुचविले असताही ते धावपट्टीच्या निम्म्यावर जाऊन टेकले, आणि सहवैमानिकाने ताबा आपल्याकडे घेतला नाही, असे संभाव्य कारण अहवालाने नोंदविले. व्यवस्थेतील दोषांचाही त्यात वाटा असल्याचे त्याने सांगितले.

या अहवालाने कोणाची आयुष्यभराची सेवा पुसली जात नाही. संकटाच्या काळात परदेशी अडकलेल्यांना घरी आणण्यासाठी निघालेली ती माणसे होती, हे कोणी विसरू नये. गेलेल्यांच्या घरांवर जो घाला पडला, तो अहवालाच्या भाषेत मावणारा नाही. पण देशाला त्यातून एक गोष्ट शिकता येते. उचलली जीभ लावली टाळ्याला, अशा रीतीने वीर ठरविणे आणि तितक्याच उतावीळपणे अपराधी ठरविणे, ही एकाच वृत्तीची दोन रूपे आहेत. दोहोंचा जाच अखेर त्याच कुटुंबाला सोसावा लागतो.

आणि याच ठिकाणी या प्रश्नाचा गाभा आहे. मराठी माणसाच्या मनावर सिंहगडाची कथा कोरलेली आहे. तानाजी पडल्यावर मावळ्यांचे पाय मागे फिरू लागले, तेव्हा सूर्याजीने गडावरून खाली सोडलेले दोर कापून टाकले, असे सांगतात. 'परतीचे दोर कापणे' हा शब्दप्रयोग तेव्हापासून निश्चयाचे दुसरे नाव होऊन बसला आहे. रणांगणावर ते ठीकच. पण प्रवासी विमानाच्या व्यवसायात सर्वांत मोठा गुण याच्या अगदी उलट आहे. तेथे परतीचा दोर शेवटच्या क्षणापर्यंत शाबूत ठेवणारा तो उत्तम वैमानिक. धावपट्टी समोर दिसत असताना, इंधनाचा हिशेब डोक्यात घोळत असताना, मागे प्रवासी घड्याळाकडे पाहत असताना, ज्याला काही तरी जुळत नाही असे वाटते आणि जो विमान पुन्हा वर नेतो, तो खरा कसबी. थांबला तो संपला, ही म्हण जमिनीवर चालते. आकाशात कित्येकदा जो थांबत नाही तोच संपतो.

अशा वैमानिकाला पदक कोण देणार? त्याच्या नावावर कोणताच प्रसंग नाही. विमान अर्धा तास उशिरा पोहोचले, एवढीच काय ती नोंद. प्रवासी कुरकुरत उतरतात. त्यांतील कोणाला ठाऊकही नसते, की त्या अर्ध्या तासात आपल्यावरून काय टळून गेले. दर सहा महिन्यांनी त्याला कृत्रिम विमानात बसवून इंजिन बंद पडणे, आग लागणे अशी संकटे समोर उभी केली जातात आणि त्याची परीक्षा होते. प्रकृतीची तपासणी वेगळी. या सर्व परीक्षा देत जो तीसपस्तीस वर्षे एकही ओरखडा न येऊ देता सेवा करतो, त्याचे चरित्र लिहावयास घेतले तर त्यात लिहिण्याजोगे फारसे काही सापडत नाही. हे न सापडणे हीच त्याची थोरवी होय. टळलेले संकट कोणत्याही पदकाच्या तागडीत पडत नाही, आणि म्हणून झालेल्या संकटाचे पारडे नेहमी जड होते.

ज्यांचे काम कप्तानाच्या छायेत झाकले जाते त्यांचाही विचार केला पाहिजे. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या एका विमानाची समोरची काच उंचावर निखळली आणि कप्तान कमरेपर्यंत बाहेर ओढले गेले. केबिनमधील कर्मचाऱ्यांनी त्यांचे पाय धरून ठेवले आणि सहवैमानिक ॲलिस्टर ॲचिसन यांनी एकट्याने विमान साउदॅम्प्टनला उतरविले. सर्वजण वाचले, कप्तानही वाचले. ब्रिटनने राणीच्या नावाने हवाई सेवेबद्दलची जी प्रशस्ती दिली, ती सहवैमानिकाला, आणि त्याच्या बरोबरीने नायजेल ऑग्डेन व सुसान गिबिन्स या केबिनमधील दोघांना. येथे पदाकडे न पाहता कामाकडे पाहिले गेले.

याहून बोलके उदाहरण रशियाच्या उत्तर भागातील इझ्मा या गावचे आहे. ७ सप्टेंबर २०१० रोजी एका विमानातील सारी वीज गेली. खाली जंगल. अशा वेळी वैमानिकांना एक जुनी धावपट्टी दिसली. मोठ्या विमानांसाठी ती कित्येक वर्षांपूर्वीच बंद झाली होती. नकाशावरून तिचे नावही गेले होते. पण तेथे नेमलेल्या सर्गेई सोत्निकोव्ह नावाच्या माणसाने ती झाडून, झुडपे कापून स्वच्छ ठेवली होती. तसे करण्याचा हुकूम त्याला कोणी दिलेला नव्हता. विमान त्या पट्टीवर उतरले, संपल्यावर झाडोऱ्यात शिरून थांबले, आणि सर्व ८१ जण चालत बाहेर आले. दोन्ही वैमानिकांना देशाचा सर्वोच्च किताब मिळाला. इतर कर्मचाऱ्यांचाही गौरव झाला. सोत्निकोव्ह यांना पुढे एक पदक मिळाले, पण त्याहून कनिष्ठ दर्जाचे. वैमानिकांचे शौर्य काही क्षणांचे होते. या माणसाची निष्ठा वर्षानुवर्षांची होती. कळस सर्वांना दिसतो, पायाचा दगड कोणाला दिसत नाही, ही जुनी गोष्ट येथेही खरी ठरली.

भारताने असा पायाचा दगड फार मोठ्या प्रमाणावर पाहिलेला आहे. इराकने कुवेत घेतल्यानंतर १९९० साली ऑगस्ट ते ऑक्टोबर या एकोणसाठ दिवसांत जॉर्डनमधील अम्मान येथून एक लाख अकरा हजारांहून अधिक भारतीय विमानांनी मायदेशी आणले गेले. त्यासाठी चारशे अठ्ठ्याऐंशी उड्डाणे झाली. त्या परतलेल्यांत केरळ, महाराष्ट्र, गोवा, पंजाब अशा सर्व प्रांतांतील माणसे होती. जागतिक विक्रमांच्या पुस्तकात या कामगिरीची नोंद एअर इंडियाच्या नावाने आहे, आणि ते उचितच आहे. पण चारशे अठ्ठ्याऐंशी उड्डाणांतील एखादे जरी कोसळले असते, तर त्या एका विमानाचा कप्तान आज सर्वांना नावाने ठाऊक असता. कोसळले नाही, म्हणून कोणाचेच नाव कोणाला आठवत नाही.

मग काय करावे? शौर्याचे निकष सैल करून सर्वांना पदके वाटावीत, असे कोणी सुचविणार नाही. खिरापतीसारखा वाटलेला मान हा मानच राहत नाही. तथापि चार गोष्टी सहज करण्याजोग्या आहेत. अपघाताशी निगडित सन्मान चौकशीचा अहवाल आल्याखेरीज जाहीर करू नये. वर्षभर उशीर झाल्याने खऱ्या शौर्याला गंज चढत नाही. सन्मानाची शिफारस करताना कक्षातील दोघांबरोबर केबिनमधील, नियंत्रण मनोऱ्यातील आणि धावपट्टीवरील माणसांच्या कामाचीही छाननी व्हावी. शौर्य आणि कौशल्य यांची गल्लत टाळण्यासाठी, वायुसेनेत जसे स्वतंत्र पदक आहे तसे नागरी उड्डाणातील कसब व दीर्घ निर्दोष सेवा यांसाठी निराळे राष्ट्रीय पदक असावे. आणि ते देताना अपघातातून वाचविणाऱ्याबरोबरच, योग्य वेळी माघार घेऊन अपघात होऊच न देणाऱ्याचाही विचार व्हावा.

यावर आक्षेप असा येईल, की न घडलेल्या गोष्टीचे मोजमाप कसे करणार? हा आक्षेप खोडून काढण्यासारखा नाही. पण तो अगदी निरुत्तर करणाराही नाही. प्रत्येक उड्डाणाची नोंद यंत्रांत राहते. कोणी कोणत्या हवेत विमान वर नेले, कोणी आपल्याहून ज्येष्ठ कप्तानाला वेळीच टोकले, कोणी आपलीच चूक वरिष्ठांना कळवून इतरांना सावध केले, हे त्या त्या संस्थेला शोधता येते. ज्याला शोधावयाचे आहे त्याला ते सापडते.

राष्ट्रीय सन्मान हा ज्याला मिळतो त्याच्यापुरता कधीच नसतो. तो पुढच्या पिढीला दिलेला धडा असतो. आज कोठल्या तरी प्रशिक्षण संस्थेत एक तरुण किंवा तरुणी सहवैमानिकाच्या आसनावर बसावयास शिकत आहे. उद्या एखाद्या पावसाळी रात्री त्याला किंवा तिला आपल्या दुप्पट वयाच्या, मोठ्या लौकिकाच्या कप्तानाला सांगावे लागेल, की साहेब, हे जमत नाही, वर चला. त्या एका वाक्याला लागणारे धैर्य आगीतून विमान उतरविण्याच्या धैर्याहून कमी नाही. देश कोणाच्या छातीवर पदक लावतो हे ती तरुण माणसे पाहत असतात. केवळ वादळात उतरणाऱ्यालाच पदक मिळते, असे त्यांना दिसले, तर ते वाक्य त्यांच्या ओठांवर अडखळेल. वादळ पाहून वेळीच वळणाऱ्यालाही देश मानतो, असे दिसले, तर ते स्पष्ट उच्चारले जाईल. आणि मागे बसलेली दोनशे माणसे, काय घडले याची कल्पनाही नसताना, थोड्या उशिराने का होईना, सुखरूप आपापल्या घरी पोहोचतील.